४६,२२९ मतदान केंद्रं, सगळे फॉर्म समोर आणि बेरीज कुठेच नाही: केनियाच्या निकाल पोर्टलचा रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगून टाकते, ५ पैकी ४. आणि हे चार स्टार मी अगदी मनापासून देतेय, कारण निवडणुकीच्या निकालासाठी सरकारी यंत्रणेने लोकांना दिलेल्या ज्या काही ऑनलाइन सेवा मी बघितल्यात त्यात केनियाच्या आयईबीसीचं, म्हणजे तिथल्या निवडणूक आयोगाचं, ऑगस्ट २०२२ चं पब्लिक पोर्टल मला सगळ्यात धाडसी वाटलं. एक स्टार का कापला तेही सविस्तर लिहिणारे, कारण तो कापायला लागला याचं खरंच वाईट वाटतं.

आधी ही सेवा नेमकी काय होती ते बघू. केनियात ९ ऑगस्ट २०२२ ला एकाच दिवशी सहा निवडणुका झाल्या. राष्ट्राध्यक्ष, काउंटीचा (म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाचा) गव्हर्नर, सिनेटर, नॅशनल असेंब्लीचा खासदार, प्रत्येक काउंटीची महिला प्रतिनिधी आणि काउंटी असेंब्लीचा सदस्य. मतदाराच्या हातात सहा वेगवेगळ्या मतपत्रिका, सहा वेगवेगळ्या पेट्या. २ कोटी २१ लाखांच्या वर नोंदलेले मतदार आणि ४६,२२९ मतदान केंद्रं, एका केंद्रावर जास्तीत जास्त ७०० मतदार. मतदान संपलं की मतमोजणी तिथेच, त्याच शाळेच्या वर्गात, पोलिंग एजंटांच्या डोळ्यासमोर, एकेक मतपत्रिका उचलून दाखवत होते. मग केंद्राध्यक्ष राष्ट्राध्यक्षपदाचे आकडे ज्या फॉर्मवर हाताने लिहितो तो फॉर्म ३४ए. त्यावर एजंटांच्या सह्या, केंद्राध्यक्षाची सही, आयोगाचा शिक्का. आणि मग ज्या टॅबलेटवर सकाळपासून मतदारांचे अंगठे तपासले (किम्स किट म्हणतात त्याला) त्याच टॅबलेटवर या फॉर्मचा फोटो काढून पाठवायचा, आणि तो फोटो जसाच्या तसा पोर्टलवर. काउंटी उघडा, मतदारसंघ उघडा, वॉर्ड उघडा, शाळा उघडा, केंद्र उघडा, कागद समोर. नैरोबीतला पत्रकार असो नाहीतर परदेशात बसलेली माझ्यासारखी कुणी असो, सगळ्यांना तोच कागद.

हे वाचताना साधं वाटतं पण जरा विचार करा. साधारणपणे निकाल म्हणजे आपल्याला वरून सांगितलेला एक आकडा असतो आणि तो मानायचा की नाही एवढंच आपल्या हातात राहतं. इथे आयोगाने आकडा नाही दिला, आकडा जिथून येतो तो कागदच देऊन टाकला. कुणीही तपासा. त्यात खाडाखोड दिसते, वेगवेगळी हस्ताक्षरं दिसतात, कुठे फोटो तिरका आलाय, कुठे कागदाला घडी पडलीय. मला हे सगळं बघताना फार भारी वाटायचं कारण हजारो मास्तर, कारकून, तरुण पोरं पोरी रात्रभर जागून एका देशाचं सरकार ठरवतायत आणि त्यांच्या हाताची अक्षरं तुमच्या स्क्रीनवर आहेत. मतदान संध्याकाळी ५ ला संपलं आणि त्याच संध्याकाळपासून फॉर्म यायला लागले, पुढच्या दिवसभरात तर बहुसंख्य केंद्रांचे फॉर्म चढलेले होते.

या पोर्टलची किंमत कळायला मागची दहा पंधरा वर्षं माहीत पाहिजेत, तेवढं थोडक्यात सांगते. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर जी हिंसा झाली त्यात ११०० च्या वर माणसं मेली, लाखो बेघर झाली, आणि नंतर क्रीगलर आयोगाने तपास करून सांगितलं की निकालाच्या नोंदी इतक्या बिघडल्यात की नक्की कोण जिंकलं ते आता ठरवताच येणार नाही. एवढी माणसं गेली आणि शेवटी उत्तर काय तर माहीत नाही. मग २०१३ ला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने निकाल पाठवायचा प्रयत्न झाला तो मध्येच कोलमडला, आणि नेमकं त्याच वेळी राष्ट्राध्यक्षपद उहुरू केन्याटांनी ५०.०७ टक्क्यांवर जिंकलं, म्हणजे अर्ध्याच्या रेषेवर केसाएवढं अंतर. मग २०१७. तेव्हा टीव्हीवर आणि आयोगाच्या साइटवर आकडे धडाधड पळत होते, केन्याटा १४ लाख मतांनी पुढे, पण त्या आकड्यांमागचे हजारो फॉर्म निकाल जाहीर होईपर्यंत लोकांसमोर आलेलेच नव्हते. निवडणुकीच्या काही दिवस आधी आयोगाचे आयटी मॅनेजर ख्रिस मसांडो यांचा खून झाला होता, त्यामुळे वातावरण आधीच भीतीचं. १ सप्टेंबर २०१७ ला सुप्रीम कोर्टाने ती राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूकच रद्द केली. कोर्टाने सर्व्हर उघडून दाखवा म्हणून सांगितलं होतं ते आयोगाने पूर्णपणे पाळलं नाही, आणि न्यायमूर्ती मरागांच्या कोर्टाने स्पष्ट सांगितलं की नुसता आकडा पुरत नाही, तो कसा आला ती प्रक्रियाही कायद्यात बसली पाहिजे. २६ ऑक्टोबरला फेरनिवडणूक झाली तिच्यावर केन्याटांचे मुख्य प्रतिस्पर्धी रायला ओडिंगा यांनी बहिष्कार टाकला.

म्हणजे २०१७ ला आकडे होते, कागद नव्हते. २०२२ ला आयोगाने ते नेमकं उलटं केलं, कागद सगळे दिले पण आकडा एकही नाही. आणि माझा एक स्टार तिथेच गेला.

पोर्टलवर एकूण बेरीज नव्हती. कुठल्याच पातळीवर नाही. फोटो उघडा, वाचा, स्वतः लिहून घ्या, पुढचा उघडा. ४६ हजार वेळा. आयोगाचं म्हणणं असं की कायद्याने निकाल जाहीर करायचा अधिकार फक्त अध्यक्षांना, बाकी ज्याला बेरीज करायचीय त्याने करावी, आणि ३४ए वरून मतदारसंघाचा ३४बी आणि त्यावरून देशाचा ३४सी तयार होईल तेव्हाच खरं. तत्त्व म्हणून मला ते पटतं, २०१७ ची पोळलेली जखम होती, समजू शकते. पण प्रत्यक्षात काय झालं? टीव्ही चॅनेलवाल्यांनी माणसं बसवली आणि फॉर्म डाउनलोड करून टाइप करायला लावले, आणि प्रत्येकाने वेगवेगळ्या काउंटीपासून सुरुवात केली, त्यामुळे एकाच वेळी एका चॅनेलवर राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार विल्यम रुटो पुढे आणि दुसऱ्यावर त्यांचे मुख्य प्रतिस्पर्धी ओडिंगा पुढे. दोन्ही खरे. कारण केनियाचा नकाशाच तसा आहे, तुम्ही सियाया किंवा होमा बे उघडलंत तर फॉर्ममागून फॉर्म ओडिंगांचे, बोमेट किंवा एल्गेयो माराक्वेट उघडलंत तर सगळा रुटो. कुठून मोजायला सुरुवात केली यावर विजेता ठरत होता. मग पुढे ते चॅनेलवाले हळूहळू मंदावले, आणि लोक दिवसेंदिवस बोमास ऑफ केन्याच्या हॉलकडे, जिथे आयोग देशाची अंतिम बेरीज करत होता, तिकडे डोळे लावून बसले. ज्या देशात २००७ झालंय तिथे हे थांबणं किती जड गेलं असेल याची कल्पना करा.

इथे आयोगाला एक साधी गोष्ट करता आली असती. किती केंद्रांचे फॉर्म आलेत, कुठल्या काउंटीतले किती बाकी आहेत, आणि आलेल्या फॉर्मची तात्पुरती बेरीज, त्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं की हा जाहीर निकाल नाही. प्रत्येक आकड्यावर क्लिक केलं की त्याचा फॉर्म उघडणार. म्हणजे २०१७ ची चूकही नाही आणि २०२२ ची पोकळीही नाही. बेरीज नसण्याची किंमत काय असते ते १५ ऑगस्टला दिसलंच. आयोगाचे अध्यक्ष वाफुला चेबुकाटी निकाल जाहीर करायला उभे राहिले, स्टेजवर धक्काबुक्की झाली, आणि सातपैकी चार आयुक्त दुसरीकडे सेरेना हॉटेलात पत्रकारांना सांगत होते की हा निकाल आम्हाला मान्य नाही. जाहीर झालेले आकडे असे: रुटो ७१,७६,१४१, ओडिंगा ६९,४२,९३०, आणि उरलेले दोन उमेदवार, वाजाकोया ६१,९६९, म्वाउरे ३१,९८७. टक्के ५०.४९, ४८.८५, ०.४४, ०.२३. दुसऱ्या दिवशी त्या चौघांचा एक मुद्दा असा होता की या टक्क्यांची बेरीज १००.०१ येते, आणि त्या ०.०१ टक्क्याची मतं १ लाख ४२ हजार होतात. आता एकूण १ कोटी ४२ लाख वैध मतांचा ०.०१ टक्का म्हणजे १४०० च्या आसपास, १ लाख ४२ हजार नाही, आणि तो ०.०१ सुद्धा टक्के दोन दशांश स्थळांपर्यंत जवळच्या आकड्याला आणल्यामुळे आलेला. पण त्या दिवशी लोकांच्या हातात पोर्टलने दिलेली एखादी स्वच्छ बेरीज असती तर ही गोष्ट पाच मिनिटांत संपली असती. त्याऐवजी ती फोनाफोनी पसरत गेली.

बरं आता परत चांगल्या बाजूकडे, कारण चार स्टार आहेत आणि ते याच्यासाठीच आहेत. वरचे आकडे घ्या आणि जरा गणित करा. दोघांमधलं अंतर २,३३,२११ मतं. भागिले ४६,२२९ केंद्रं. दर केंद्रामागे पाच मतं! आणि एवढ्यावर संपत नाही, केनियात नुसतं पुढे असून चालत नाही, वैध मतांच्या अर्ध्याहून जास्त पाहिजेत, शिवाय ४७ पैकी किमान २४ काउंटींत २५ टक्के, नाहीतर पहिल्या दोघांमध्ये दुसरी फेरी. रुटो अर्ध्याच्या रेषेच्या वर जेमतेम ७० हजार मतांनी होते, म्हणजे दर केंद्रामागे दीड मत. प्रत्येक वर्गखोलीत दीड मत इकडचं तिकडे झालं असतं तर पूर्ण देश परत मतदानाला गेला असता. इतक्या बारीक फरकाच्या निवडणुकीत कुणी कोपऱ्यातल्या केंद्रावर आकडा बदलला का हा प्रश्न येणारच, आणि त्याचं उत्तर देऊ शकणारी एकच गोष्ट म्हणजे त्या केंद्राचा मूळ कागद, जो एजंटाकडे आहे, केंद्राच्या दारावर लावलेला आहे आणि पोर्टलवरही आहे. तीन ठिकाणी एकच आकडा. बदलायचा तर तिन्हीकडे बदलायला लागेल.

सुप्रीम कोर्टात नेमकं हेच झालं. ओडिंगांच्या बाजूने आरोप असा होता की फॉर्म केंद्रातून निघाल्यावर वाटेत कुणीतरी पकडून, आकडे बदलून मग पोर्टलवर चढवले. गंभीर आरोप आहे, आणि २०१७ बघता तो तपासायलाच हवा होता. कोर्टाने सर्व्हरची छाननी करायला लावली, काही केंद्रांच्या पेट्या उघडून परत मोजायला लावल्या, मूळ फॉर्म, एजंटांकडचे फॉर्म आणि पोर्टलवरचे फॉर्म ताडून बघितले. लक्षात घेण्यासारखा फरक सापडला नाही. ५ सप्टेंबरला मार्था कूमे यांच्या अध्यक्षतेखालच्या सातही न्यायाधीशांनी एकमताने याचिका फेटाळल्या, १३ तारखेला रुटोंचा शपथविधी. ओडिंगा म्हणाले निकाल पटला नाही पण कोर्टाचा मान ठेवतो. तुम्हाला रुटो आवडोत की ओडिंगा, मला दोघांशी काही घेणंदेणं नाही, पण २००७ ला ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच देता आलं नव्हतं त्या प्रश्नाचं उत्तर २०२२ ला कोर्टात कागदावर देता आलं याच्यात या पोर्टलचा वाटा फार मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते ती. हे सगळं वैभव फक्त राष्ट्राध्यक्षपदासाठी! सहा मतपत्रिका, त्यातल्या एकीचेच फॉर्म पोर्टलवर. खासदाराच्या फॉर्मला ३५, काउंटी असेंब्लीच्या सदस्याला ३६, गव्हर्नरला ३७, सिनेटरला ३८, महिला प्रतिनिधीला ३९ असे नंबर आहेत, तेही त्याच रात्री त्याच वर्गात तोच केंद्राध्यक्ष भरतो, पण केंद्रातून फोटो काढून पाठवायची सक्ती कायद्यात फक्त राष्ट्राध्यक्षाच्या निकालाला. बाकीचे निकाल मतदारसंघाच्या किंवा काउंटीच्या हॉलमध्ये जाहीर होतात आणि जगाचं लक्ष तोपर्यंत बोमासकडे.

आणि हे काही किरकोळ नाही. नॅशनल असेंब्लीत ३४९ सदस्य, त्यातले २९० मतदारसंघांतून, ४७ महिला प्रतिनिधी, १२ नेमलेले. सिनेटमध्ये ६७. पक्ष किती तरी, रुटोंचा यूडीए, ओडिंगांचा ओडीएम, शिवाय ज्युबिली, वायपर, फोर्ड केन्या, एएनसी आणि अपक्षांची फौज. २०२२ ला दोन्ही आघाड्या असेंब्लीत इतक्या जवळ होत्या की बहुमत नेमकं कुणाचं यावरचा वाद पुढे कोर्टापर्यंत गेला. म्हणजे सरकारला लगाम घालणारं सभागृह कुणाच्या हातात जाणार हे काही मोजक्या जागांवर ठरत होतं, आणि त्या जागांचे केंद्रनिहाय कागद बघायला मात्र मतदारसंघातच असायला पाहिजे. एखाद्या खेड्यातल्या काउंटी सदस्याच्या जागेवर हरलेल्या उमेदवाराकडे ना वकिलांची फौज ना टीव्ही, त्याला तर या फॉर्मची सगळ्यात जास्त गरज. मोम्बासा आणि काकामेगात तर गव्हर्नरच्या मतपत्रिकाच चुकीच्या छापून आल्या म्हणून तिथली आणि काही मतदारसंघांतली निवडणूक पुढे ढकलून २९ ऑगस्टला घ्यायला लागली होती, चुका खालच्या पातळीवर पण होतातच की.

वापरायला कसं होतं तेही सांगते. रचना सोपी, काउंटीपासून केंद्रापर्यंत खाली उतरत जायचं, मला कुणाला विचारायची गरज पडली नाही. परदेशातल्या मतदारांचे आणि तुरुंगातल्या केंद्रांचे फॉर्म पण होते, हे मला फार आवडलं, कारण तुरुंगातल्या माणसाचं मत मोजलं गेलं एवढंच नाही तर तो कागदही बाकीच्यांसारखाच सगळ्यांसमोर आला. पण फॉर्म म्हणजे स्कॅन, त्यातला मजकूर कॉपी करता येत नाही, सगळा डेटा एका फाइलमध्ये हवा असेल तर स्वतः टाइप करणे हाच मार्ग, त्यामुळे ज्याच्याकडे माणसं आणि पैसा आहे त्यालाच पूर्ण देशाची बेरीज शक्य. हस्ताक्षर काही ठिकाणी वाचवत नाही, १ आहे की ७ यावर डोळे ताणायला लागतात. अशा वेळी नोंदलेले मतदार, बाद मतं आणि एकूण वैध मतं यांच्या रकान्यांवरून ताळा करून बघायचा, बहुतेक वेळा उलगडतं.

कुणासाठी चांगलं? पत्रकार, निवडणूक अभ्यासणारे विद्यार्थी, कुठल्याही पक्षाचे पोलिंग एजंट, आणि ज्याला आपल्या स्वतःच्या शाळेतल्या केंद्राचा निकाल पडताळायचाय असा साधा मतदार. या शेवटच्या माणसासाठी तर ५ पैकी ५. दारावर लावलेल्या फॉर्मचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि पोर्टलवरच्याशी जुळवायचा, झालं, एवढं काम त्याने केलं की निदान त्याच्या केंद्रापुरती शंका संपली. ज्याला रात्री टीव्हीसमोर बसून कोण जिंकतंय एवढंच बघायचंय त्याची मात्र निराशा होणार.

पुढची निवडणूक १० ऑगस्ट २०२७ ला आहे. चेबुकाटी गेले, ओडिंगाही २०२५ ला गेले, आयोगावर आता एरास्टस एथेकोन अध्यक्ष आहेत, सगळी माणसं नवी. कागद उघडे ठेवायची ही पद्धत तेवढी कुणी मोडू नये. त्यात दोनच गोष्टी वाढवा, फॉर्मला जोडलेली तात्पुरती बेरीज, आणि ३५ पासून ३९ पर्यंतचे सगळे फॉर्म त्याच पोर्टलवर. टॅबलेट तिथे आहे, केंद्राध्यक्ष तिथे आहे, फोटो काढायला पाच कागद जास्त. ते झालं तर पाचवा स्टार मी लगेच देईन.